दहा माणसांची जमात

आपल्या यहुद्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेरा वर्षे पुरी झालेला कोणीही चालतो, पण दहा लागतातच. नऊ असले तर कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, पेटीतून बाहेर निघत नाही. नऊ जण कितीही विद्वान असले तरी त्यांचे दहा होत नाहीत, आणि दहावा अक्षरशत्रू असला तरी काम भागते. या नियमावर धर्मशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहून झाले आहे. जमातीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यातली व्यवहाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मंडळीत डोकी मोजल्याशिवाय सुरुवातच होत नाही, तिथे कोण आले नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. का आले नाही याची चौकशी ओघानेच होते. बेने इस्रायल, म्हणजे आपण कोकणातले यहुदी, एकमेकांना कसे सांभाळत आलो, त्याचे मूळ या मोजणीत आहे असे माझे मत आहे.

सुरुवात कोकणातून करावी लागते. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे बुडाले, ही आपली परंपरेने आलेली कथा. किती शतकांपूर्वीची, यावर विद्वानांचे एकमत नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. पण कथेतली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. वाचलेल्यांनी केलेले पहिले काम म्हणून ती जे सांगते ते म्हणजे किनाऱ्याला लागलेली प्रेते गोळा करून पुरणे. पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा एक. अलिबागजवळ नवगावला ती जागा आजही दाखवतात. घर बांधणे, धंदा धरणे हे सगळे त्यानंतरचे. जमातीची सर्वांत जुनी आठवण अशी मयत उरकण्याची आहे.

पुढे घाणा आला. शनिवारी बैल सोडून ठेवणारे तेली म्हणून आपण ‘शनवार तेली’ झालो. पेण, रोहे, केहीम, दिवे, आवास अशा गावांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर, आवासकर ही आडनावे पडली. यादी कौतुकाने वाचली जाते, पण तिचा अर्थ असा की माणसे विखुरलेली होती. एका गावात दोन घरे, फार तर पाच. दहा पुरुष एका गावात मिळणे मुश्कील. तेव्हा सुंता, लग्न, मयत यांसाठी चार गावची माणसे चालत यायची आणि काजी घराण्यातली माणसे गावोगाव फिरून विधी लावायची, तंटेही तोडायची. हिब्रूपैकी शेमा या प्रार्थनेच्या ओळींपलीकडे फारसे काही उरले नव्हते. पोथी नाही, सिनेगॉग नाही, रब्बी नाही. तरी खतना चुकली नाही, शब्बाथ मोडला नाही. सणांची नावेसुद्धा मराठी झाली : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफळणीचा सण. दारफळणी म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, उपास करायचा, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. काल बंद केलेली दारे आज उघडायची, गरिबाला दानधर्म करायचा, नातेवाइकांकडे आणि ओळखीपाळखीच्यांकडे जाऊन यायचे. पोथी हरवलेल्या माणसांनी हे एवढे मात्र हरवू दिले नाही.

अठराव्या शतकात तेलाचा घाणा सोडून काही घरे मुंबईला आली. कोणी सुतारकाम धरले, कोणी गवंडीकाम, आणि पुष्कळ जण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, त्यांपैकी एक. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने यांची जात कोणती म्हणून विचारले, बेने इस्रायल हे नाव ऐकून तिने जीव वाचवला, ही हकिकत आपल्या घरोघर सांगितली जाते. सुटून आल्यावर समाजींनी 1796 साली स्वतःच्या पैशाने मुंबईत सिनेगॉग बांधले. शाआर हारहमीम हे त्याचे नाव, पण तोंडी राहिले ते ‘जुनी मशीद’. ज्या गल्लीत ते उभे आहे ती पुढे सॅम्युएल स्ट्रीट झाली. मशीद बंदर स्टेशनचे नावही याच वास्तूवरून पडले असे सांगतात. सिनेगॉगसाठी सेफेर आणायला समाजी कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिकडेच वारले. इमारत उभी करणाऱ्याला तिच्यात फार दिवस प्रार्थना करायला मिळाली नाही. 1860 मध्ये ती वाढवून नव्याने बांधण्यात आली.

जुन्या मशिदीने जमातीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक पत्ता. कोकणातून नव्याने आलेला तरुण कोणाच्या घरी उतरणार, पलटणीत गेलेल्याच्या बायकोमुलांकडे कोण बघणार, कोणाच्या मुलीला स्थळ कुठले, हे सगळे प्रार्थना संपल्यावर अंगणात ठरायचे. कारभार पाहायला मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले, हिशेबाला गबाई, प्रार्थनेला हझान आणि झाडलोटीपासून बोलावण्यापर्यंत सर्व कामांना सामाश. हुद्द्यांची नावे पाहा, निम्मी हिब्रू आणि निम्मी गावच्या पाटीलकीतली. कामही तसेच होते. नवराबायकोचे भांडण, भावाभावांची वाटणी, सासरी होणारा जाच हे मुकादमापुढे यायचे. दोष ठरला तर दंड व्हायचा आणि दंडाची रक्कम सिनेगॉगच्या पेटीत पडायची. सेफेर उघडण्याचा, वाचनाला चढण्याचा मान बोली लावून घेतला जाई, तोही पैसा त्याच पेटीत. पेटीतून दिवाबत्ती, हझानाचा पगार, आणि ज्याच्या घरी मयताला कफन आणायला पैसे नाहीत त्याचे कफन.

मुकादम म्हणजे देवमाणूस होता असे कोणी समजू नये. अधिकार असला की कुरबुर आलीच. 1840 च्या दशकात वाद विकोपाला जाऊन काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी शाआरे रासोन, म्हणजे ‘नवी मशीद’, उभी केली. त्याच सुमारास कोकणातही सिनेगॉगे उभी राहिली : रेवदंडा, अलिबाग, पनवेल. मग ठाणे 1879 साली. भांडून निघालेल्यांनीही पुन्हा दहा माणसे जमवली, पेटी ठेवली, सामाश नेमला. भांडणाचा एवढा फायदा झाला की दोन मशिदी एकमेकींवर नजर ठेवून राहिल्या. तिकडे गरिबाच्या लग्नाला भांडी मिळतात मग इकडे का नाही, असा सवाल टाकता येऊ लागला.

आता मयतीकडे वळतो, कारण तिथेच जमात उघडी दिसते.

घरात कोणी गेले की पहिला निरोप सामाशाला. तो पुढचे निरोप देतो. पुरुष असेल तर पुरुष, बाई असेल तर बायका आंघोळ घालतात. हे काम पैसे देऊन करवून घ्यायचे नाही असा दंडक आहे. ते नातेवाईक आणि शेजारी यांनीच करायचे. पाणी डोक्याकडून पायाकडे ओततात. प्रेताला पाठ करून कोणी उभे राहत नाही, मोठ्याने बोलत नाही. कफन पांढऱ्या सुती कापडाचे. बॅरिस्टर असो की हमाल, कापड तेच. खांदा बदलत बदलत नेतात, दर काही पावलांनी मागचा पुढे येतो, म्हणजे आलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर थोडे वजन पडते. मातीही प्रत्येकाने टाकायची. घरी परतल्यावर सुतकी घरात चूल पेटत नाही. पहिले जेवण शेजारचे आणतात. उकडलेली अंडी, पाव, चहाची किटली. सुतकी माणसाने स्वतःच्या घरचे पहिले अन्न खायचे नाही, असा नियमच आहे. म्हणजे शेजाऱ्याने आणलेच पाहिजे, आणि घरच्यांनी ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणायचीही सोय नाही.

मग सात दिवस संध्याकाळी त्या घरी दहा पुरुष जमवायचे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा पुरुष, घरच्या बायका आणि जिन्यावर चपलांचा ढीग. सातव्या दिवशी जारत हा सुतकाचा विधी. नंतर अकरा महिने मुलगा कद्दिश म्हणतो, आणि त्यालाही रोज नऊ जण हवेतच. एखाद्या बापाच्या मुलाला कद्दिश म्हणता यावा म्हणून ओळख नसलेले लोक पहाटे लोकलने मशीद बंदरला उतरत. कामावर जायची घाई, हातात डबा, प्रार्थना झाली की पळत दुसरी गाडी. त्या मुलाशी त्यांचे बोलणे ‘झाले का दहा?’ एवढेच. अकरा महिन्यांत ओळख होतेच, आणि पुढच्या वेळी तो मुलगा कोणाच्या तरी दहांत उभा असतो.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. आपल्या जमातीत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. ज्यांच्या पूर्वजांनी बाहेरच्या स्त्रीशी संबंध ठेवला असे मानले जाई त्यांची मुले काळे. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. दोघांत सोयरीक होत नसे आणि धार्मिक मानपानात काळ्यांना मागे बसवले जाई. ज्या मशिदीत दहा माणसे मोजून देवासमोर उभे राहायचे, तिथेच माणसाचा दर्जा त्याच्या पणजीवरून ठरत होता. हैम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या इतिहासात हा भेद नोंदवून ठेवला आहे. 1897 मध्ये त्यांनी ग्रंथ लिहून पुरा केला, तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवला, म्हणजे त्यांच्या मागे. शहरात शिक्षण आणि नोकऱ्या पसरल्या तसा भेद विरत गेला. कोणी ठराव करून तो उठवला म्हणावे, तर तसे काही झाले नाही. म्हातारी माणसे गेली आणि लक्षात ठेवणारे उरले नाहीत.

केहीमकरांचे मोठे काम शाळेचे. 1875 साली त्यांनी भाऊबंदांना हाताशी धरून मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत मिळवली. मिशनऱ्यांच्या शाळांनी त्याआधी आपल्याला पुष्कळ दिले होते. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, ते आपल्या मुलांच्या हाती पडले. हिब्रू परत आली ती बरीचशी त्या वाटेने, आणि कोचीनहून आलेल्या शिक्षकांच्या तोंडून. मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. त्यांनी व्याकरण घेतले, बाप्तिस्मा घेतला नाही. पण मुलांना कायम दुसऱ्याच्या दारात बसवायचे का, हा प्रश्न उरला, त्याचे उत्तर केहीमकरांची शाळा. पुढे मोठ्या देणगीनंतर माझगावची ही शाळा सर एली कदुरी हायस्कूल झाली. 1905 साली मुंबई इलाख्यात मॅट्रिकला पहिली आलेली रिबेका रूबेन 1922 पासून 1950 पर्यंत तिची मुख्याध्यापिका होती. फी माफी, पुस्तके, दुपारचे खाणे यांतून ही शाळा पेटीच्या कितीतरी पुढे गेली, कारण पेटी अडचण आल्यावर उघडत असे आणि शाळा अडचण येण्याच्या आधीच मुलाला हाताशी धरत असे. आज शाळेत आपली मुले जवळपास नाहीत. आसपासच्या वस्तीतली, बहुतेक मुसलमान घरांतली मुले शिकतात. इमारत वापरात आहे, हे चांगलेच आहे.

दहांच्या हिशेबात बायका धरल्या जात नाहीत. जुन्या मशिदीत त्यांची जागा वर, सज्जात. आता जमातीच्या देखभालीचा खराखुरा जमाखर्च मांडला तर खाली बसणाऱ्यांपेक्षा वर बसणाऱ्यांच्या नावावर जास्त रक्कम निघेल, यात मला शंका नाही. बाळंतिणीकडे डिंकाचे लाडू, आजाऱ्याकडे पेज, सुतकी घरी जेवण, शब्बाथच्या किद्दूश विधीसाठी काळ्या मनुकांचे सरबत : हे कधी कोणाच्या इतिवृत्तात आले नाही. सरबत तर दर आठवड्याला लागते. कोशेर द्राक्षासव मिळायचे नाही म्हणून मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. ज्या घरी म्हातारी एकटी आहे तिथे शेजारची एक बाटली जास्त भरून पाठवते. बाटली परत न्यायला शनिवारी संध्याकाळी पोरगा येतो, म्हणजे म्हातारीची तब्येतही पाहून होते.

1913 साली स्त्री मंडळ निघाले तेव्हा या घरगुती कामाला पहिल्यांदा वही आणि खजिनदार मिळाला. त्याच्या मागे डॉ. जेरुशा झिराड होत्या. पुढे लंडनहून एम.डी. करून आलेल्या, कामा हॉस्पिटलच्या मुख्य झालेल्या, 1966 मध्ये पद्मश्री मिळालेल्या. गरीब बायकांना मदत, मुलामुलींना धर्मशिक्षण, बायकांनी एकत्र येऊन बोलण्याची जागा, हे मंडळाचे काम. 1925 मध्ये उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियन, म्हणजे रोदेफ शालोम, उभे करण्यातही झिराडबाईंचा पुढाकार होता. दहांच्या मोजणीत नसलेल्या बाईने प्रार्थनेची एक नवी जागा काढावी, याची जुन्या मंडळींना गंमत वाटली असेल की राग आला असेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

मलिद्याबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. नवस फिटला, मुलाला नोकरी लागली, आजारातून उठले, लग्न ठरले की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा. वर फळे कापून रचायची, गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या. ताट मध्ये ठेवून प्रार्थना होते, प्रत्येक फळावर त्याची त्याची बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली जाते, मग वाटप. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण मानतात ती जागा आहे, पुष्कळ जण नवस फेडायला तिथपर्यंत जातात. जगातल्या दुसऱ्या यहुद्यांकडे हा प्रकार नाही. पोहे आणि खोबरे पाहिले की तो कुठला हे सांगावे लागत नाही. मलिद्याचा शिरस्ता असा की ताट जमलेल्यांत संपवायचे नाही. जे आले नाहीत त्यांच्या पुड्या आधी बांधायच्या. कोणाकोणाच्या, हे मोठ्याने विचारले जाते, आणि तिथेच समजते की अमक्या काकांचे गुडघे धरले आहेत, तमकी मावशी मुलाकडे पुण्याला गेली आहे.

कोणाला मोजायचे, हा प्रश्न पुढे आपल्यावरच उलटला. सॅसून आदी व्यापारी घराण्यांच्या मागोमाग आलेल्या बगदादी यहुद्यांनी आपल्याला बरोबरीचे मानायला खळखळ केली. त्यांच्या सिनेगॉगात आपला माणूस दहांत धरावा की नाही यावर कुजबुज चाले. रंगूनला तर सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना हक्क आहे की नाही हे 1930 च्या दशकात कोर्टापर्यंत गेले आणि निकाल आपल्या बाजूने लागला. त्याच काळात मुंबईने डॉ. एलिजा मोझेस यांना महापौर केले होते. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. आपण काळ्यांना मागे बसवत होतो तेव्हा आपल्याला काही वाटले नव्हते, आता आपल्याला मागे बसवले तर मात्र झोंबले.

इस्रायल देश झाल्यावर माणसे तिकडे निघाली. वीस-पंचवीस हजारांची जमात ओसरत गेली, आज भारतभर मिळून यहुदी पाच हजारांच्या आत आहेत. तिकडे सगळे सुरळीत झाले नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी धरणे धरून परतीचा प्रवास मिळवला, आणि त्यांतली बरीचशी पुन्हा तिकडेच गेली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांची लग्ने लावण्याआधी वंशावळ तपासावी असा आदेश काढला. आपल्या लोकांनी जेरुसलेमला तळ ठोकला, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गावांत आपली सिनेगॉगे आहेत, मलिदा होतो, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघते.

इकडे राहिलेल्यांचे काम वाढले. कोकणात सिनेगॉगे आहेत पण दहा माणसे नाहीत, म्हणून सणाला मुंबई-ठाण्याहून गाडी करून जातात. अलिबागच्या इस्रायल आळीत सणापुरती जाग येते. ठाण्याची जमात आज सर्वांत मोठी आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणाची येरझाईत, म्हणजे पुण्यतिथी, असली की सकाळचे फोन साधारण असे असतात :

“काका, उठलात का? आठ झालेत.”

“अरे, कालच येऊन गेलो. पाय सुजलाय.”

“रिक्षा पाठवतो. दादांची येरझाईत आहे आज.”

“बरं, जिन्याखाली उभा राहतो. रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणावं, ही झोपलीय.”

पाय सुजल्याची बातमी त्याच दिवशी स्त्री मंडळातल्या कोणाकडे तरी पोचते आणि दुपारी डॉक्टरची वेळ घेतलेली असते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधे, घरभाडे, दवाखान्याची बिले यांना आता जॉइंट या परदेशी संस्थेची मदत होते, तरुणांना शिकवायला 1960 च्या दशकापासून ओआरटी ही संस्था आहे. पैशाची चणचण पूर्वीइतकी नाही. कमी पडतात ती माणसे. खांदा द्यायला सहा जण मिळतात, पण बदलायला दुसरे सहा मिळतीलच असे नाही, म्हणून हल्ली दफनभूमीच्या फाटकापर्यंत गाडी नेतात आणि तिथून खांद्यावर घेतात.

जून 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तोपर्यंत शाळेच्या आणि सरकारी अर्जांवर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहावे लागे. आता दाखल्यावर स्वतःचे नाव येते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात. पहिल्या वर्षी कागदपत्रे कशी जोडायची हे कोणालाच नीट माहीत नव्हते, तेव्हा शब्बाथची प्रार्थना सुटल्यावर अंगणात विचारपूस सुरू झाली. शनिवारी लिहायचे नसते, म्हणून रविवारी सकाळी फॉर्म घेऊन परत यायचे ठरले.